डायनामो वर होता

त्या संध्याकाळी माझ्या सायकलचा दिवा बंद होता. तो चालू होता असं मी चारचौघांत सांगितलं. मी शाळामास्तर असल्यामुळे सगळ्यांनी ते खरं मानलं. ज्या बाईला मी पाडलं होतं, तिनं दिवा नव्हता असं स्पष्ट सांगितलं होतं. तिचं कोणी ऐकलं नाही. उलट तिचेच डोळे गेलेत असं गावानं ठरवलं, आणि मी ते ठरू दिलं. याला आता अठरा हिवाळे झाले.

हिवाळेच म्हणतो, कारण ही गोष्ट मला फक्त थंडीतच छळते. मार्गशीर्ष लागला की जळगावात परसापरसांतून कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा धूर निघू लागतो. त्यावर असोद्याची हिरवी-पांढरी, हातभर लांब वांगी भाजली जातात. सालीवर काळे फोड येतात, आतलं पाणी चरचरतं, मग हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर लाकडी बडगीत ती ठेचली जातात. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र त्या धुरातून एक बारीक आवाज ऐकू येतो. टक्. डायनामोचा खटका दाबल्याचा आवाज.

परवा बायको भाजलेल्या वांग्याची साल काढत होती. मधेच थांबली आणि वांगं बाजूला सारून म्हणाली, "अळी आहे. सुंदराक्का बाजारात बसत होत्या तेव्हा असं वांगं पाटीत यायचंच नाही. बिचारीचे डोळे गेले."

मी जेवलो नाही. पोट ठीक नाही म्हणालो. हेही खोटंच.

सुंदराक्का असोद्याच्या. अंगानं लहानखुऱ्या, विधवा, तेव्हा पन्नाशीच्या आसपास. पहाटे पाटी भरून त्या बायकांबरोबर जळगावला चालत यायच्या आणि दिवस कलताना रिकामी पाटी घेऊन परतायच्या. त्यांची कीर्ती डोळ्यांची होती. वांगं हातात न घेता, नुसतं बघून आतली कीड सांगायच्या. मीही असोद्याचाच, त्यामुळे मला बाजारात पाहिलं की हाक मारायच्या. एकदा मी स्वतः निवडलेलं वांगं त्यांनी माझ्या पिशवीतून काढून घेतलं.

"हे नका नेऊ मास्तर. याच्या पोटात पाहुना हाय."

मी सायन्स शिकवणारा. मला ते पटेना. मी म्हटलं, "अक्का, वरून तर एक भोक नाही."

"तुमी पुस्तकं पाहा, मी वांगे पाह्यते." असं म्हणून त्यांनी विळीवर वांगं उभं चिरलं. आत पाहुणा होता. शेजारच्या बायका इतक्या हसल्या की मी तसाच सायकलवर बसून निघालो.

त्या डोळ्यांवर मी आळ घेतला.

सायकलचं आधी सांगायला हवं. असोदा ते जळगावातली माझी शाळा, अंतर चार मैल. नोकरीचं पहिलं वर्ष संपल्यावर मी सायकलला डायनामो बसवून घेतला, मागच्या चाकाशी. बाटलीच्या आकाराची ती चकचकीत वस्तू, डोक्यावर दातेरी चाकी. खटका दाबला की बाटली टायरला टेकायची आणि चाकी घुमू लागायची. पुढे हँडलवरच्या दिव्यातून पिवळा उजेड पडायचा. जोरात पायडल मारलं तर उजळ, हळू चालवलं तर मंद, थांबलं की अंधार. पहिले आठ दिवस मी दिवस मावळण्याची वाट पाहत शाळेत रेंगाळलो असेन.

नंतर त्याचं ओझं वाटू लागलं. डायनामो टेकला की कोणीतरी मागून कॅरियर धरून ठेवल्यासारखी सायकल जड व्हायची. पोटऱ्या भरून यायच्या. समोरून थंड वारा असला तर आणखीच. मी वर्गात सांगायचो, उजेड फुकट मिळत नाही, तो पायांतून येतो, आपली पाव ताकद डायनामो खातो. हा पाव मी कुठून आणला होता? कुठूनही नाही. पोटऱ्यांनी सांगितलं आणि मी फळ्यावर लिहिलं.

असोद्याकडे जाणाऱ्या आम्हा सायकलवाल्यांची एक रीत होती. नाक्यावर पोलीस उभा असायचा, बिनदिव्याची सायकल अडवायचा. म्हणून नाक्यापर्यंत सगळ्यांचे डायनामो टायरला टेकलेले. नाका मागे पडला की एकेक जण खाली उतरायचा, बाटली मागे ओढून वर अडकवायचा आणि पुन्हा स्वार व्हायचा. पुढचा रस्ता पायाखालचा, असं आम्ही म्हणायचो. एकाच्या मागे एक, न बोलता, अंधारातून आम्ही हलके होऊन निघायचो. त्या हलकेपणाचं सुख खरंच होतं. सायकल आपल्या आपण पळते आहे असं वाटायचं. कानात घुर्रघुर्र नाही, नुसता साखळीचा आवाज.

चाचणी परीक्षेचे दिवस होते. जादा तास सुटेपर्यंत सूर्य गेलेला. त्या दिवशी मी एकटाच होतो. नाक्यापुढे उतरलो, डायनामो वर केला. समोरून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग येत होती. प्रत्येक गाडीच्या आसाखाली एक कंदील लोंबकळत होता, आणि त्याच्या उजेडात बैलांच्या पायांच्या लांब सावल्या हलत होत्या. धूळ नाकात गेली होती. शेवटची गाडी आमच्याच गावच्या नामदेवनानांची. ती माझ्या बाजूनं गेली, आणि तिच्या मागून एक बाई रस्ता ओलांडायला निघाली.

मला ती दिसली तेव्हा पुढचं चाक तिच्या अंगावर गेलं होतं.

पाटी गडगडत गेली. मी कोपरावर पडलो. अक्का रस्त्याच्या कडेला, उजवा हात छातीशी धरून "माय वो, माय वो" करत होत्या. गाडी थांबल्याचं मला ऐकू आलं. नाना कंदील सोडवत होते. त्यांना यायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी अक्कांकडे गेलो नाही. मी सायकलकडे गेलो आणि अंगठ्यानं खटका दाबला.

टक्.

विचार करून केलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण अंगठा आपण होऊन इतकी नेमकी जागा शोधत नाही.

"कोन? मास्तर? अरे देवा, ही तर सुंदरा!" नानांनी कंदील खाली धरला.

अक्का कण्हत होत्या, पण बोलल्या स्वच्छ. "दिवा नव्हता वो नाना. गाडी गेली, मी दोन्हीकडे पाह्यलं. काहीच नव्हतं. मंगच पाय टाकला."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, दिवा चालू व्हता का?"

"चालू होता नाना. अक्का एकदम आडव्या आल्या."

सायकल थांबली की तो दिवा विझतोच, त्यामुळे आता तो बंद असण्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. तोवर पुढच्या गाड्यांवरचे दोघं-तिघं आले होते. नानांनी सीट धरून मागचं चाक उचललं आणि हातानं पायडल फिरवलं. चाकी घुमली. हँडलवरचा दिवा लागला. उजेडाचा झोत नेमका अक्कांच्या तोंडावर पडला, आणि त्यांनी धड हातानं डोळे झाकले.

"हे पाहा! चांगला लागते दिवा," कोणीतरी म्हणालं.

कोणी त्या बाटलीला हात लावला असता तर सगळं उघड झालं असतं. नाक्यापासून चाललेला डायनामो कोमट लागतो. माझा नाक्यापाशीच थांबलेला, वाऱ्यानं गार झाला होता. हे तिथं फक्त मला माहीत होतं.

अक्कांचं मनगट मोडलं. ते वेडंवाकडं बसलं. पण मनगटाचं दुःख त्यांनी फारसं बोलून दाखवलं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, "दिवा नव्हता." पहिले दिवस लोक ऐकून घ्यायचे. मग एकमेकांकडे पाहू लागले. मग हसू लागले. त्यांचा मुलगा काशिनाथ आमच्या घरी आला तो भांडायला नव्हे, तर दिलगिरी व्यक्त करायला.

"मास्तर, राग नका धरू. मायले संध्याकायचं दिसत नही वाटते. आमाले आधीच समजाले पाह्यजे व्हतं."

मी त्याला पाणी दिलं. म्हणालो, "वय आहे, काशिनाथभाऊ. चालायचंच."

पुढचं त्याहून वाईट. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला तयार झालो, आणि सगळं गाव माझं कौतुक करू लागलं. अक्कांना मी माझ्याच सायकलच्या कॅरियरवर बसवून जळगावला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं डोळे ठीक आहेत, जवळचं पाहायला हलका चष्मा चालेल. यातलं 'चष्मा' एवढंच गावात पोचलं. पोचवणारा मीच होतो.

परतताना दिवस मावळला. डायनामो अर्थातच टेकलेला होता. मागे अक्का बसलेल्या. त्यांचं ओझं ते काय, रिकाम्या पाटीइतकं. तरी सायकल त्या दिवशी जेवढी जड गेली तेवढी पुन्हा कधी गेली नाही. नाका गेला. मी उतरलो नाही. घुर्रघुर्र आवाज करत पुढे पिवळा पट्टा पळत होता. नाल्याजवळ त्या पडल्या ती जागा आली तेव्हा मागून आवाज आला.

"मास्तर, याचा उजेड तं लय लांब पडते वो."

"हो अक्का."

"एवढा उजेड मले त्या दिवशी दिसला नही?"

मी जोरात मारू लागलो. दिवा आणखी उजळ झाला.

"तुमाले जड जाऊन राह्यलं. धाप लागली."

"डायनामोमुळे जड जातं."

 मग त्यांनी विचारलं, "मंग तो वर नही का करता येत?"

 खोडसाळपणे विचारलं होतं की भाबडेपणानं, ते मला आजही ठरवता येत नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. खोटं बोलण्याची ती शेवटची संधी होती, तशीच खरं बोलण्याचीही.

"नाही अक्का. एकदा बसवला की तो तसाच राहतो."

त्या "असं व्हय" म्हणाल्या. 

त्या हिवाळ्यानंतर सुंदराक्का बाजारात बसल्या नाहीत. पाटी सून वच्छलानं उचलली. अक्का ओट्यावर बसायच्या, चष्मा दोऱ्यानं कानामागे बांधलेला. मी शाळेतून येताना त्यांच्या दारावरून जाई. पहिल्या वर्षी त्या मला लांबूनच ओळखायच्या, "आले का मास्तर?" पुढच्या वर्षी त्या "कोन?" असं विचारू लागल्या. नजर तीच होती, पण तिच्यावर भरवसा ठेवायचं त्यांनी सोडलं होतं. एकदा वांगी निवडताना त्यांनी एक उचलून बाजूला ठेवलं, तर वच्छलानं ते हसत परत पाटीत टाकलं. "राहू द्या आत्या, तुमाले नही दिसत." अक्कांनी हात मागे घेतला आणि पदरावर ठेवला. मी रस्त्यातच उभा होतो. सायकलवर टांग मारून निघून गेलो.

मग मी पळालो. लोक त्याला बदली म्हणाले, पण धुळ्याच्या शाळेत जागा निघाली तेव्हा अर्ज मी केला होता. धुळ्यात अकरा वर्षं काढली. तिथं मी डायनामो कधीच वर केला नाही. दिवसाढवळ्या, भर उन्हात, टायरला टेकलेला. सायकल जड जायची आणि मला ते बरं वाटायचं. देवपूरकडून येणारा एक दूधवाला मला रोज चिडवायचा.

"ओ मास्तर, तुमना दिवा चालू शे! ऊन पडेल शे ना!"

मी हसून हात हलवायचो. वर्गातली पोरं मला काय नाव ठेवत असतील याची कल्पना होती. ठेवू देत म्हटलं. पण दिवसा दिवा लावून काय होतं? ज्या बाईला तो दिसायला हवा होता ती तीस कोसांवर ओट्यावर बसलेली होती. आपण आपल्याला शिक्षा द्यायची आणि ती भोगल्याचं समाधानही आपणच घ्यायचं, असला तो प्रकार होता.

धुळ्यातच एकदा मी मोजलं. एका मुलानं वर्गात विचारलं होतं, "सर, डायनामो पाव ताकद खातो, हे कसं काढलं?"  मग एका रविवारी सकाळी वारा पडलेला असताना मैलाच्या दगडापासून निघालो. चार मैल डायनामो लावून, तेवढेच चार मैल न लावता. दोन रविवार हे केलं, मनगटावरचं घड्याळ पाहत. फरक निघाला दीड मिनिटाचा. एकदा थोडा जास्त, एकदा थोडा कमी. सव्वीस मिनिटांच्या रस्त्यात दीड मिनिट!

मी दगडावर बसून राहिलो. पोटऱ्या खोटं सांगत होत्या. जड वाटतं ते खरं, पण वाटतं तितकं ते नसतंच. वाटण्याला मी पाव म्हटलं होतं. अर्धा तास वाचत असता तर निदान स्वतःपुरतं काही कारण देता आलं असतं. दीड मिनिटात माणूस हातपायसुद्धा धड धुऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी सांगितलं, पाव हे चुकीचं होतं, मी न मोजता सांगितलं होतं. मुलांनी वह्यांत खोडून दुरुस्त केलं. इतकं सोपं होतं ते. चूक कबूल करताना माझा आवाजसुद्धा हलला नाही. असोद्याला जाऊन दुसरी चूक दुरुस्त करायला मात्र मला आणखी सहा वर्षं लागली. जळगावला परत आलो, शहरातच घर केलं, आणि गावी जाणं सणावारापुरतं ठेवलं. अक्कांच्या गल्लीतून जायचं टाळून मागच्या वाटेनं जायचो.

परवाच्या त्या अळीनं वाट अडवली.

रविवारी सकाळी सायकल काढली आणि निघालो. नाक्याची जागा आता ओळखू येत नाही, दोन्ही बाजूंना घरं झाली आहेत. नाल्याजवळ उतरलो. कपाशीच्या दोन गाड्या समोरून गेल्या. उगाच थांबलो, परत फिरावं का म्हणून. खरं सांगायचं तर परत फिरलोही, पन्नास पावलं. मग पुन्हा वळलो.

अक्का ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. आता सत्तरीच्या जवळ. वच्छला शेजारी वांग्यांचा ढीग निवडत होती. मी समोर उभा राहिलो.

"कोन?"

"मी मास्तर, अक्का."

"या. लय दिवसांनी. वच्छे, पानी आन."

पाणी येण्याआधीच मी बोललो. आल्यावर धीर राहिला नसता. "अक्का, त्या दिवशी माझा दिवा नव्हता. डायनामो मी वर करून ठेवला होता. तुम्ही पडल्यावर खाली केला. तुम्हाला बरोबर दिसलं होतं."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. वच्छला तांब्या घेऊन दारात थांबली.

"म्हंजे तो वर करता येते," अक्का म्हणाल्या.

"येतो."

"मी इचारलं व्हतं तुमाले."

"हो अक्का."

"वरीसभर मले पक्कं ठाऊक व्हतं, दिवा नव्हता. मंग सगयेच म्हने, दिवा व्हता. मले वाटलं, आपलेच डोये खोटं बोलतात. मंग मी त्यायले इचारनंच सोडून देलं." त्यांनी समोरच्या ढिगाकडे बोट केलं. "आता खरंच दिसत नही. आता हा चष्मा लागते. तवा नव्हता लागत."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे नको. माही माफी मांगून काय उपेग? दिवा नव्हता हे मले नवं नही. ज्यायले ठाऊक नही त्यायले सांगा."

त्या उठल्या. वच्छलानं हात धरायला पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. वाकड्या मनगटानं भिंतीचा आधार घेत ओटा उतरल्या आणि पाराकडे चालू लागल्या. मी सायकल हातात धरून मागोमाग. वच्छला, तिच्या मागे शेजारच्या दोघी. पारावर रविवारची माणसं बसली होती. काशिनाथ होता. नामदेवनाना होते, दात गेलेले, काठी मांडीवर आडवी.

"काय सुंदरा, इकडं कुठं?" नानांनी विचारलं.

"मास्तरले काही सांगाचं हाय," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मोठ्यानं सांगा. नानाले कमी आयकू येते."

मी सायकल स्टँडवर लावली. डायनामो टायरला टेकलेला होता, सवयीनं. तो मी सगळ्यांसमोर मागे ओढून वर अडकवला, म्हणजे तो वर होतो हे त्यांना दिसावं. मग नानांकडे पाहत, वर्गात बोलतो तेवढ्या आवाजात म्हणालो, "नाना, तुम्ही पायडल फिरवलं आणि दिवा लागला, कारण तुम्ही येण्याआधी मी हा खाली केला होता. त्याआधी तो असा वर होता. माझा दिवा बंद होता. अक्कांचे डोळे चांगले होते. खोटं मी बोललो, आणि तुम्ही सगळ्यांनी त्यांना आंधळं ठरवलं ते माझ्यामुळे. अक्का, माझं चुकलं. मला माफ करा."